मुरब्याची जपानी गाडी आणि अकरा बोल्ट

मुरब्याच्या कोळीवाड्यातल्या नऊ मासळीवाल्या बायकांनी मिळून घेतलेली पिकअप जपानची होती, आणि ती बोलायची.

चावी फिरवली की डॅशबोर्डच्या आतून एक बाई अतिशय नम्र आवाजात जपानी भाषेत काहीतरी सांगू लागे आणि दुसऱ्या-तिसऱ्या शब्दावर गप्प होई. ब्रेक दाबला की पुन्हा पहिल्यापासून. इंडिकेटर लावला तर दर मिचकावणीला पहिला शब्द, पहिला शब्द, पहिला शब्द. जुलै लागल्यापासून तिचं वाक्य कधी पुरं झालं नाही. गाडी चालवणारी हिमानी, म्हणजे या नऊ जणींच्या बचतगटाच्या अध्यक्ष येसूबाईंची सून, तिने शेवटी मोबाइल पुढे धरून भाषांतर मागितलं. मोबाइलने जरा विचार केला आणि लिहिलं, 'कार्ड.'

बाई कार्ड मागते यात गावात कुणालाच नवल वाटलं नाही, कारण हल्ली सगळेच मागतात. प्रश्न एवढाच होता की कुठलं. तिला आधार कार्ड दाखवण्यात आलं. मग केशरी रेशन कार्ड, मग मच्छीमाराचं ओळखपत्र. गटाच्या खजिनदारीणबाईंनी पॅन कार्ड आणलं, पण आधी झेरॉक्स चालेल का असं विचारलं. बाईने सगळी कागदपत्रं सारख्याच नम्रपणे नाकारली.

"सरकारी हाय ही," येसूबाईंचे यजमान नामदेव तांडेल म्हणाले आणि घरी गेले.

गाडी मुरब्यात आली तिची गोष्ट थोडक्यात अशी. तारापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्याचं मोठं यंत्र बसवायला परदेशी मंडळी आली होती. त्यांनी येताना आपलं सामान, आपला स्वयंपाकी आणि आपली पिकअप आणली. यंत्र बसलं, मंडळी गेली, स्वयंपाकीही गेला. पिकअप राहिली. पाच माणसं बसतील अशी केबिन, मागे लांबलचक हौदा, आणि हाताच्या बोटाइतका जाड कागदांचा गठ्ठा. कारखान्याने ती विकायला काढली तेव्हा बचतगटाने घेतली. मे महिन्याच्या शेवटी हिमानीने ती बोईसरहून मुरब्याला आणली, सगळे दिवे लावून आणि वाटभर हॉर्न वाजवत. तेव्हा आतली बाई काय बोलली ते त्या हॉर्नमध्ये कुणी ऐकलंच नाही.

गाडी हवी होती ती एका रांगेसाठी. पालघरच्या मासळी बाजारात जी बाई आधी येईल ती पुढच्या रांगेत बसते, पंख्याखाली, गिऱ्हाईक आत शिरताच नजरेला पडेल अशी. जी मागून येते ती गटाराकडच्या रांगेत. मुरब्याच्या बायका गेली बारा वर्षं गटाराकडे बसत होत्या, कारण त्या धर्मेशच्या टेंपोने जात होत्या. धर्मेश आधी मोठ्या व्यापाऱ्यांचे क्रेट पोचवी आणि मग परत येऊन बायकांच्या पाट्या घेई. स्वभावाने तो वाईट नव्हता. "मावशी, मासळी कुठं पळून जाते का," असं तो हसून विचारी, आणि आठ वाजता पोचल्यावर मासळीकडे बघून त्याचं उत्तरही मिळे.

गाडी आल्याचं कळल्यावर त्याने मनापासून अभिनंदन केलं आणि म्हणाला, "बंद पडली की सांगा. माझ्याकडे जागा हाय. फक्त मग पूर्ण सीझनचं बोलायचं. मधेच सोडून जायचं नाय."

जून लागला. मासेमारी बंद झाली, बोटी किनाऱ्यावर ओढल्या गेल्या, आणि नामदेव तांडेल रंगाला बसले. चाळीस वर्षं बोट चालवलेला आणि दरवर्षी ती स्वतः रंगवलेला माणूस. दारात एक वाहन उभं आहे आणि आपण ते रंगवत नाही, ही कल्पना त्यांना सहन होण्यासारखी नव्हती. शिवाय गाडी पांढरी होती. मुरब्यात पांढरी गाडी म्हणजे ॲम्ब्युलन्स.

त्यांनी ती बोटीसारखी रंगवली. बोटीला जिथे रंग नसतो तिथून खारं पाणी शिरतं, हे एकच शास्त्र त्यांना ठाऊक होतं आणि ते खरंही होतं. बोल्टच्या कडेकडेने ब्रश फिरवणाऱ्यांबद्दल त्यांचं मत वाईट होतं. त्यांनी बॉनेटखालचा, डॅशबोर्डखालचासुद्धा प्रत्येक बोल्ट काढला, खालचा पत्रा तीन हात रंगवला, वाळवला, बोल्ट रंगाच्या डब्यात बुचकळला आणि ओलाच परत कसून वरून आणखी एक हात दिला. निळी गाडी, पिवळा पट्टा, नाकावर दोन्ही बाजूंना डोळे. दीड महिना लागला. कुणी म्हणालं, तांडेल, जपानी लोकांनी आधीच रंग दिलेला होता. तांडेल म्हणाले, "त्यांनी विकायला दिलेला."

वीस जुलैला आरटीओची फिटनेस तपासणी होती. फिटनेसचा कागद मिळाला की गाडी मालासकट रस्त्यावर. एक ऑगस्टला बोटी समुद्रात जाणार होत्या. सगळं जुळून आलेलं होतं.

तपासणीचे साहेब सभ्य होते.

"डावा इंडिकेटर," ते म्हणाले.

हिमानीने दांडी खाली केली. मागचे दोन्ही दिवे मिणमिणले आणि वायपर काचेवर अर्ध्यात येऊन थांबला.

"ब्रेक."

हेडलाइट मंद झाले, डावा इंडिकेटर न मिचकावता जळत राहिला, आणि आतून नम्र आवाज आला.

"कोण बोललं?"

"गाडी," हिमानी म्हणाली.

"काय म्हणते?"

"कार्ड मागते."

साहेबांचा हात नकळत खिशाकडे गेला, पण त्यांनी तो सावरला. "हॉर्न," ते म्हणाले. हॉर्न वाजला नाही. मागे जाताना लागतो तो पांढरा दिवा मात्र भक्कन लागला. साहेबांनी गाडीभोवती सावकाश एक फेरी घातली, नाकावरच्या डोळ्यांपाशी क्षणभर थांबले, आणि म्हणाले, "रंगकाम सुंदर आहे." मग त्यांनी कागदावर 'नापास' लिहिलं आणि तीस जुलैची तारीख दिली. ती चुकली तर पुढची सप्टेंबरात.

नामदेव तांडेलांनी घरी येऊन फक्त साहेबांचं रंगकामाबद्दलचं वाक्य सांगितलं.

गाडी बोईसरला रामसजीवन मिस्त्रीकडे गेली. रामसजीवन वीस वर्षांपूर्वी जौनपूरहून आला आणि बोईसरच्या निम्म्या टेंपोंच्या वायरी त्याच्या हाताखालून गेल्या. त्याने बॉनेट उघडलं, इंजिन चालू केलं, डोळे मिटून ऐकलं.

"इंजन तो मक्खन है, भाभी. बीमारी सिर्फ बत्ती की है."

त्याने फ्यूज बदलले. दुसऱ्या दिवशी इंडिकेटर मिचकावणारी डबी बदलली, तिसऱ्या दिवशी चार बल्ब, चौथ्या दिवशी बॅटरी. दर बदलाला गाडी एक जुनी खोड सोडून नवी धरी.

"अब हॉर्न बजता है," पाचव्या दिवशी त्याने फोनवर कळवलं.

"अरे वा. कवा?" येसूबाईंनी विचारलं.

"जब बाएँ मुड़ो."

नामदेव तांडेल रोज सकाळच्या बसने बोईसरला जाऊन गॅरेजमध्ये स्टुलावर बसत. गाडी दुरुस्त होते की नाही हे बघायला नव्हे. पाना सटकून रंगाला ओरखडा जातो की काय हे बघायला. रामसजीवनने एकदा स्क्रूड्रायव्हर पिवळ्या पट्ट्यावर ठेवला तेव्हा त्यांनी काही न बोलता तो उचलून त्याच्या खिशात ठेवला.

सहाव्या दिवशी रामसजीवनने हात टेकले, म्हणजे त्याच्या भाषेत मोठं काम काढलं. "जापान का माल है, इसका दिमाग अलग है. पूरी वायरिंग काट के निकाल देते हैं, देसी डाल देंगे. पंद्रह दिन."

"आमच्याकडे चार हायत," येसूबाई फोनवर म्हणाल्या.

"तो आज से काटता हूँ," रामसजीवन म्हणाला. येसूबाईंनी त्याला संध्याकाळपर्यंत थांबायला सांगितलं. गटाला विचारते म्हणाल्या, पण गटाला विचारून काय होणार हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. गावात सगळ्यांचं एकमत झालेलं होतं, आणि ते असं की गाडी दीड महिना समुद्राच्या वाऱ्यात उभी राहिली म्हणून बिघडली. यावर इलाज म्हणजे समुद्र हलवणे.

त्या दिवशी रविवार होता आणि बोईसरचा बाजार भरला होता. गटाच्या नऊही बायका तिथे सुकी मासळी विकत. येसूबाईंपुढे दर रविवारप्रमाणे मंगळी येऊन उभी राहिली. मंगळी डोंगराकडची. पावसाच्या भरवशावरची थोडी भातशेती घरच्यांवर सोडून आठ वर्षांपूर्वी ती कारखान्यात कंत्राटावर लागली. साडीवर कंपनीचा निळा शर्ट, पायात जाड बूट. आठ वर्षांत तिने येसूबाईंकडून भाव पाडल्याशिवाय एक बोंबील घेतलेला नव्हता.

"मावशी, हे बोंबील हायत का काड्या?"

"काड्या पायजेत तर तुझ्या डोंगरावर हायत. फुकट."

"तिथल्या काड्यांना वास तरी येत नाय." मंगळीने एक जुडी उचलून नाकाशी धरली आणि खाली ठेवली. "आज एकाच उत्तरावर थांबलात तुमी. बरं नाय का?"

येसूबाईंनी सांगितलं. टेंपो, तपासणी, वायपर, हॉर्न, तीस तारीख, पंधरा दिवस. ऐकणाऱ्याने मध्ये 'अरे बापरे' म्हणावं अशा सगळ्या जागा त्यांनी नीट ठेवल्या होत्या, पण मंगळी एकदाही म्हणाली नाही. ती पाटीच्या कडेवर टेकली आणि विचारलं, "गाडी रंगवली का?"

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाय. रंगवली का?"

"बोटीबरोबर रंगवली. तांडेलांनी. आरटीओच्या साहेबानं पण वाखाणली."

"बोल्ट काढून का वरच्या वर?"

"काढून," येसूबाई अभिमानाने म्हणाल्या. "एकेक बोल्ट. डब्यात बुडवून."

मंगळी उठली. "चला, दाखवा मला गाडी. आणि ती सुरी घ्या बरोबर."

येसूबाईंनी पाट्या झाकल्या. बाकीच्या आठ जणींनी हे पाहिलं आणि भर बाजारात येसूबाई दुकान बंद करतात म्हणजे गावात कुणीतरी गेलं असं समजून त्यांनीही पाट्या झाकल्या. अशा रीतीने गॅरेजमध्ये दहा बायका पोचल्या. तांडेल स्टुलावर होतेच. हिमानी रामसजीवनशी पंधरा दिवसांचे दहा होतात का यावर बोलत होती. रामसजीवनच्या हातात पक्कड होती.

मंगळीने त्याच्याकडून दोन वायरी लावलेला एक साधा बल्ब मागून घेतला. एक वायर बॅटरीच्या लाल टोकाला लावली. दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडाला टेकवली. बल्ब लख्ख पेटला.

"ये तो हमको भी मालूम है," रामसजीवन म्हणाला.

"थांब भैया." तिने मागच्या दिव्याकडून निघणारी काळी तार शोधली. ती जाऊन हौद्याच्या पत्र्याला एका बोल्टने बांधलेली होती. बोल्ट निळा, तारेचं टोक निळं, पत्रा निळा. मंगळीने सुरीने तारेच्या टोकावरचा रंग तेवढा खरवडला. तांडेल स्टुलावरून उठले. तिने बल्बची वायर तिथे टेकवली. बल्ब पेटला नाही.

रामसजीवनने तिच्या हातातून बल्ब घेतला, स्वतः टेकवला, आणि तरीही तो पेटला नाही हे पाहून हळूच परत दिला.

"म्हणजे काय झालं?" येसूबाईंनी विचारलं.

"बॅटरीतनं वीज दिव्यात जाते," मंगळी म्हणाली. "पण नुसतं जाऊन चालत नाय, तिला परत बॅटरीत यायला लागतं. गाडीत परतीची तार वेगळी नसते, मावशी. सगळी गाडीच परतीची तार. दिव्यातनं काळ्या तारेत, तिथनं पत्र्यात, पत्र्यातनं बॅटरीत. तुमी मधे रंग दिला. रंगातनं वीज जात नाय."

"मग दिवे लागतात कसे? थोडे थोडे लागतात की."

एवढं मंगळीला शब्दांत कुणी शिकवलेलं नव्हतं. पण येसूबाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी उजाडत होतं.

"थांब, थांब," त्या म्हणाल्या. "आपला टेंपो निघून गेला तर आपण काय करतो? बाजारातच बसून राहतो का? दुसऱ्याच्या टेंपोत घुसतो. ढकलत, कुणाच्या मांडीवर पाटी ठेवत."

"तेच," मंगळी म्हणाली. "ब्रेकची वीज आपल्या वाटेनं परत येत नाय, म्हणून इंडिकेटरच्या दिव्यातनं घुसून येते. हॉर्नची मागल्या दिव्यातनं येते."

"आणि ती जपानी बाई?"

"ती तर मधल्या मधे चेंगरते. बोलायला लागली की कोण ना कोण अंगावर येतं."

नऊ बायकांना गाडीची सगळी वीजविद्या तिथल्या तिथे कळली. बारा वर्षं त्यांनी तीच केली होती.

"तू ही विद्या शिकलीस कुठं?" येसूबाईंनी विचारलं.

"आमी कारखान्यात विजेची लोखंडी कपाटं बनवतो. रंग होऊन येतात. मी अर्थिंगला हाय. जिथं तार बांधायची तिथला रंग चमकेपर्यंत खरवडायचा, मग बोल्ट कसायचा. आठ वर्षं तेच करते." तिने सुरी शर्टाला पुसली. "पहिल्या महिन्यात मी एक कपाट खरवडलं नाय. इतका गुळगुळीत रंग, वाटलं, कशाला खराब करा. सुपरवायझरनं सगळ्या लाइनीपुढं उभी केली मला. म्हणून विचारलं, रंगवली का."

रामसजीवनने पक्कड खिशात घातली. "हमने सब देखा," तो म्हणाला, "जहाँ सब ठीक था, वहाँ देखा." आणि तो आतून पान्यांचा डबा घेऊन आला.

आता सगळ्यांनी नामदेव तांडेलांकडे पाहिलं. ते गाडी आणि दहा बायका यांच्या मध्ये उभे होते.

"उघडं लोखंड मुरब्यात चार दिवस टिकत नाय," ते म्हणाले. "पाचव्या दिवशी गंज. सहाव्या दिवशी भोक. मी बोटीचं सांगतो."

"हो तांडेल, गंजेल," मंगळी म्हणाली. "म्हणून आधी खरवडायचं, मग तार ठेवून बोल्ट आवळायचा, आणि मग वरनं रंग द्यायचा. पायजे तेवढे हात द्या. खाली लोखंडाला लोखंड लागलं की झालं."

तांडेलांनी पिवळ्या पट्ट्यावरून बोट फिरवलं.

"म्हणजे रंग वाईट नव्हता."

"रंग चांगला होता म्हणूनच तर. वाईट असता तर कुठनं ना कुठनं वीज शिरलीच असती."

"बारा व्होल्ट अडवले," रामसजीवन म्हणाला. हे त्याने तांडेलांच्या समाधानासाठी मुद्दाम मराठीत सांगितलं. तांडेल बाजूला झाले. त्या दिवसानंतर ते गावात सांगत की आपल्या रंगातून खारं पाणीच काय, वीजसुद्धा जात नाही, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

काळी तार जिथे जिथे पत्र्याला बांधलेली होती अशा जागा मंगळीने आणि रामसजीवनने मिळून शोधल्या. त्या अकरा निघाल्या. बोल्ट त्याने सैल करून दिले, आणि पुढचं काम ज्यांना आयुष्यभर खवले काढायची सवय होती त्यांच्या हातात आपोआप गेलं. प्रत्येकीच्या पाटीत सुरी होतीच. कुणी बॉनेटमध्ये वाकली, कुणी चाकामागे मांडी घालून बसली, एकजण डॅशबोर्डखाली अशी शिरली की बाहेर फक्त पाय दिसत होते.

"अगं शेपटाकडनं डोक्याकडं खरवड, सगळं निघतं."

"ह्या बोल्टाला शेपूट कुठलं दाखव मला."

"हिच्याकडं बघा, पापलेट सोलल्यासारखी करते. जोर लाव की, तुझ्या सासूचं नाव घे."

नऊ जणी आणि अकरा बोल्ट, त्यामुळे शेवटचे दोन कुणाचे यावरून थोडं वाजलं. एक हिमानीने घेतला. राहिलेला एक बॅटरीजवळचा, सगळ्यात जाड तारेचा. मंगळी स्वतः पुढे झाली तेव्हा तांडेलांनी तिच्याकडे हात पसरला. तिने सुरी दिली. त्यांनी तो बोल्ट इतका स्वच्छ खरवडला की त्यात रामसजीवनच्या छताची ट्यूबलाइट दिसू लागली. मग तोंड फिरवून म्हणाले, "आता आवळा."

अकरा बोल्ट आवळले गेले. हिमानी गाडीत बसली आणि तिने चावी फिरवली.

डॅशबोर्डच्या आतून तोच नम्र आवाज आला. पहिला शब्द, दुसरा शब्द, तिसरा शब्द. मग चौथा. बाई थांबली नाही. तिने आपलं वाक्य शेवटपर्यंत नेलं, शेवटी किंचित आवाज उतरवला, आणि समाधानाने गप्प झाली. हिमानीने मोबाइल पुढे धरलेला होता. त्यावरची अक्षरं तिने मोठ्याने वाचली.

"'कार्ड घातलेले नाही.' आई, टोलचं कार्ड. जपानमधलं."

"नाय घातलं," येसूबाई म्हणाल्या. "जपानचा टोल आमी कशाला भरू."

मग डावा इंडिकेटर. डावाच लागला. उजवा. उजवाच. ब्रेकला मागे दोन लाल दिवे पेटले आणि पुढे कुणीही हललं नाही. वायपर आपल्या वेळेलाच फिरला. हॉर्न इतका जोरात वाजला की रस्त्यावरून जाणारा एक सायकलवाला गॅरेजमध्ये बघायला आला. बायकांनी हिमानीला आणखी तीनदा वाजवायला लावला, सरळ उभ्या गाडीत, डावीकडे न वळता.

येसूबाईंनी मंगळीपुढे बोंबलांच्या दोन मोठ्या जुड्या ठेवल्या. "ने. पैसे नकोत."

"कितीला देता ते सांगा आधी."

"फुकट देते म्हणते ना."

"फुकट घेतलं तर पुढच्या रविवारी भाव कसा पाडू तुमच्याकडं?" मंगळी म्हणाली, आणि भाव विचारून, तो निम्म्यावर आणून, दोन जुड्या घेऊन गेली. रामसजीवनने तिला रविवारी गॅरेजवर येशील का असं विचारलं होतं. रविवारी बाजार असतो, असं तिने सांगितलं.

तीस जुलैला तेच साहेब होते. डावा इंडिकेटर, उजवा इंडिकेटर, ब्रेक, हेडलाइट वर, हेडलाइट खाली, हॉर्न. प्रत्येक वेळी साहेब जे म्हणाले तेच झालं, आणि दुसरं काही झालं नाही. साहेबांना ते थोडं चुकल्यासारखं वाटलं असावं, कारण ते खिडकीतून वाकले.

"आज गाडी बोलत नाही?"

"सकाळीच बोलली," हिमानी म्हणाली. "तिचं बोलून झालं."

"दुरुस्त कुणी केली?"

"आमी," मागच्या सीटवरून येसूबाई म्हणाल्या. "मासे साफ करायच्या सुरीनं."

साहेबांनी कागदाकडे पाहिलं. त्यात याच्यासाठी रकाना नव्हता. त्यांनी 'पास' लिहिलं आणि शिक्का मारला.

एक ऑगस्टला बोटी गेल्या. बोटी परत आल्या त्या सकाळी मुरब्याच्या किनाऱ्यावर पाट्या भरल्या गेल्या, वर बर्फ, त्यावर ओली गोणपाटं, आणि सगळ्या पाट्या निळ्या गाडीच्या हौद्यात चढल्या. केबिनमध्ये हिमानीसह पाच जणी मावल्या. उरलेल्या पाच जणी पहिल्या एसटीने निघाल्या, आणि त्यात आपण काही गमावतोय असं कुणालाच वाटलं नाही, कारण मासळी गाडीतून चालली होती. तांडेल गाडीमागे थोडं चालत गेले. ते अकरा बोल्ट वरून पुन्हा रंगवून झालेले होते, दोन हात.

साडेसहाला हिमानीने डावा इंडिकेटर लावून गाडी पालघरच्या मासळी बाजाराशी वळवली आणि थांबवली. पुढची रांग रिकामी होती. येसूबाईंनी आधी पंख्याखालची फरशी स्वतःच्या हाताने धुतली, मग पाट मांडला, मग त्यावर पापलेटं लावली, चांदीच्या ताटांसारखी एकावर एक सरकवून. एसटीने आलेल्या बायका पोचल्या तेव्हा त्या सवयीने गटाराकडे वळल्या. त्यांना हाक मारून परत बोलवावं लागलं.

सात वाजेपर्यंत अर्ध्या पाट्या रिकाम्या झाल्या होत्या. गिऱ्हाइकं आत शिरत आणि पहिल्या रांगेतच थांबत. दोघा-तिघांनी विचारलं, मावशी, तुम्ही नवीन का. "बारा वर्षं इथंच हाय," येसूबाई म्हणाल्या. "तुमी मागं येत नव्हता."

आठला धर्मेश आला. टेंपोत मोठ्या व्यापाऱ्याचे रिकामे क्रेट होते आणि मुरब्याच्या बायकांसाठी ठेवलेली जागा तशीच्या तशी होती. तो पहिल्या रांगेपाशी आला. निळी गाडी त्याने बाहेर पाहिली असावी, कारण त्याबद्दल त्याने काही विचारलं नाही. पाटावर राहिलेल्या पापलेटांकडे तो बघत राहिला. घट्ट, डोळे काचेसारखे, गालफडं लाल.

"ताजं दिसतंय मावशी."

"असणारच," येसूबाई म्हणाल्या आणि पाटावर पाणी शिंपडलं. "तुझ्याबरोबर आलेलं नाय ना. किती देऊ?"

धर्मेशने मान हलवली, हसला, आणि दोन बोटं वर केली. भाव त्याने विचारला नाही. येसूबाईंनी चांगली दोन निवडून काढली, त्यातलं एक परत ठेवून त्याहून मोठं घेतलं, आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या बाईला म्हणाल्या, "या ताई, पुढं या. हा भाऊ जरा बाजूला होतोय."